येझदीचं उजवं वळण

गुरुवार, २५ ऑक्टोबर २००१

पडलो.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि कुठं – तर सासुरवाडीच्या दारात, आयुधपूजेच्या दिवशी, मागे वनजा बसलेली असताना! वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढा. तेवढाही नसेल.

सगळं नीट लिहून काढतो. सकाळी माझी येझदी मोटारसायकल धुतली, पुसली, साखळीला तेल दिलं. हळद-कुंकू, झेंडूची माळ. दोन्ही बाजूंना केळीचे खांब स्वतः बांधले. लोक कसेतरी एका सुतळीत लटकवतात, मग ते खांब गावभर माना हलवत फिरतात. मी वर हँडलला बांधले, खाली लेगगार्डला बांधले. नायलॉनच्या दोरीनं, दुहेरी फासानं. तसूभर हलत नव्हते. चाकांखाली लिंबं ठेवली, चिरडली, आणि नझरबादहून जयलक्ष्मीपुरमला वनजाच्या भावाकडं – मानाजीरावांकडं – गेलो. रस्त्यात दोघांनी वळून बघितलं गाडीकडं.

तिथं पूजा, प्रसाद, सगळं छान. निघताना वनजाच्या मांडीवर कडलेपुरीची मोठी पिशवी – चुरमुरे, फुटाणे, बत्तासे. सगळं घर गेटवर उभं. शेजारचे आपापल्या स्कूटरी ओवाळत होते, तेही बघत होते. बोळ पुढं बंद आहे, म्हणून उजवीकडं पूर्ण वळण घ्यायचं. तिथं मी शंभरदा घेतलंय. अर्ध्यात गाडी वळेचना! समोर कंपाउंडची भिंत. पुढचा ब्रेक दाबला. संपलं. गाडी उजव्या अंगावर, माझा पाय खाली, वनजा रस्त्यावर बसलेली, आणि कडलेपुरी गटारापर्यंत.

उठता उठता मी म्हणालो, “हललीस कशाला?”

सगळ्यांसमोर.  तिचं कोपर खरचटलं होतं, ते तिनं पदराखाली घेतलं.

हललीच असणार. नाहीतर गाडी पडायला कारणच नाही.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

घोटा नारळाएवढा. डॉक्टर अनंतकृष्णनी दाबून बघितला, मी ओरडलो नाही. हाड शाबूत, आतला पट्टा फाटलाय म्हणे. तीन आठवडे प्लास्टर. कंपाउंडर प्लास्टर गुंडाळत होता तेव्हा त्याला दोनदा सांगितलं की टाचेपाशी घडी पडतेय. त्यानं ऐकलं नाही. पडलीच घडी.

जंबूसवारी – दसऱ्याची हत्तींची मिरवणूक – टीव्हीवर बघितली. खिडकीतून खरे बँड ऐकू येत होते, टीव्हीतले थोडे मागून. दोन्ही जुळेनात. शेवटी टीव्हीचा आवाज बंद केला.

रविवार, २८ ऑक्टोबर

मानाजीराव गाडी ढकलवत घेऊन आले. केळीचे खांब तसेच ठेवलेत – सुकेपर्यंत काढू नयेत म्हणून. पायऱ्यांखाली लावून ताडपत्री टाकली.

हे गृहस्थ आयुष्यभर पोलिसांच्या घोडदळात. रिटायर झाल्यावर रेसकोर्सजवळच्या एका क्लबात घोड्यावर बसायला शिकवतात. मोटारसायकलला कधी हात लावला नाही, पण मत आहे. माझ्या प्लास्टरवर काठी टेकवून म्हणाले, आमच्याकडं पडलेल्याला पहिला प्रश्न घोड्याचा विचारतात, माणसाचा नाही. तेव्हा सांगा भावोजी, गाडी कशी आहे?

मी यादी सांगितली. ब्रेकचं पेडल अडीच बोटं आत, उजवा आरसा गेला, पुढच्या ब्रेकची दांडी वाकली, सायलेन्सरवर वीतभर ओरखडा. ते मान डोलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, “आणि माझी बहीण?”

वनजा आतून म्हणाली, चहात साखर घालू का दादा? तेवढ्यावर विषय मिटला.

शनिवार, ३ नोव्हेंबर

पंख्याचं रेग्युलेटर उघडलं, साफ केलं, बसवलं. शेजाऱ्यांचंही मागवून घेतलं. घरात बसून माणूस गंजतो.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

वनजा हल्ली पहाटेच देवळात जाते. पूर्वी शुक्रवारीच जायची. विचारलं तर म्हणे, बरं वाटतं.

परत आली की जिना चढताना कठड्याला धरते. आज मोरीपाशी बसून गुडघ्यांना, मांड्यांना तेल चोळत होती. दुखतंय का म्हटलं, तर “अय्यो, वय झालं री, दुसरं काय.” वय! दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत ही बाई दोन घागरी घेऊन धावत होती.

पडण्याचंच आहे ते. बसली तेव्हा कमरेवर आपटली असणार. मी तिचं कोपर तेवढं बघितलं. तेही नंतर.

बुधवार, १४ नोव्हेंबर – दिवाळी

अभ्यंगस्नान एका पायावर. दुसरा पिशवीत घालून स्टुलावर. वनजानं पाठीला तेल लावलं आणि आम्ही दोघं उगाच हसत सुटलो – बगळा, म्हणाली.

दुपारी समोरच्या पुष्पावतीबाई फराळाला आल्या. त्यांनी विचारलं, पडले कसे हो हे? मी खोलीत होतो. वनजाचा आवाज ऐकला –

“माझ्यामुळंच की. मी मागं हलले.”

किती सहज म्हणाली! तक्रार नाही, काही नाही. मिठाचा डबा कुठं आहे ते सांगावं तसं.

हातात अर्धी करंजी होती. संपवली.

संध्याकाळी मी म्हणालो, आता शुक्रवारी प्लास्टर निघेल, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तलकाडला जायचं, लक्षात आहे ना? दरवर्षी येझदीवर जातो आम्ही. एकवीस वर्षं. वाटेत नरसीपूरला इडली, मग वाळू तुडवत देवळं. एकदा पाऊस होता तरी गेलो. ती वात सारखी करत म्हणाली, “तुम्ही गाडीवर या. मी बसनं येते.”

“का?”

“पुन्हा हलले तर?”

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

प्लास्टर निघालं. पाय शेवग्याच्या शेंगेसारखा झालाय.

घरी आल्या आल्या ताडपत्री काढली. केळीचे खांब सुकून काळे पडले होते. सोडण्याआधी सहज हँडल फिरवून बघितलं. डावीकडं वळलं – शेवटपर्यंत नाही, पण बरंचसं. उजवीकडं – अर्ध्यात थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच.

डाव्या खांबाच्या दोरीकडं बघितलं. वर हँडल, खाली लेगगार्ड. लेगगार्ड गाडीच्या सांगाड्याला, तो वळत नाही. हँडल उजवीकडं वळलं की डावी मूठ पुढं जाते – आणि खांब तिला धरून ठेवतो. नायलॉन. दुहेरी फास. तसूभर हलत नाही.

दोरी कापली. हँडल लोण्यासारखं फिरलं.

जिन्याच्या पायरीवर बसलो. गावात त्या दिवशी हजारो गाड्यांना खांब बांधले होते. पोरांनी, हमालांनी, रिक्षावाल्यांनी, एका सुतळीत, कसेतरी. माना हलवत गावभर फिरले आणि एकही जण पडला नाही. ज्यानं शास्त्रशुद्ध बांधले तो पडला!

सरळ रस्त्यावर कळणार कसं? मोठ्या वळणाला हँडल बोटभरच फिरतं. पूर्ण वळण त्या दिवशी पहिलं आणि शेवटचं तिथंच घेतलं.

वनजा हलली नव्हती.

शनिवार, १७ नोव्हेंबर

सांगितलं नाही. पेडल सरळ केलं.

रविवार, १८ नोव्हेंबर

आज गाडी काढली. एका किकेत सुरू! बिचारी रुसली नव्हती.

कारखाना कडकोळला, मेन्टेनन्सचं खातं माझ्याकडं. रविवारी तिथले रस्ते मोकळे असतात, म्हणून तिकडंच नेली. सरळ – मस्त. डावीकडं – मस्त. मग उजवीकडं पूर्ण वळण घ्यायला गेलो आणि अर्ध्यात पाय आपोआप खाली आला. पुन्हा घेतलं. पुन्हा पाय. हँडल आता मोकळं आहे हे मला माहीत आहे. हातांना माहीत नाही.

ही गाडी मला कुणी शिकवलेली नाही. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं; डिक्शनरी घेऊन बसलो आणि पानन् पान लावलं. इंजिन दोनदा उघडून बसवलंय. आणि आता एक वळण येत नाही. एकटा असताना येत नाही, तर वनजाला मागे घेऊन कसं?

तरी वाऱ्यावर फार बरं वाटलं. नंजनगूड रोडला गुणगुणत आलो.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

कारखान्यातून घरी यायला आज दीड पट वेळ. वनजानं विचारलं, इतका उशीर? गर्दी होती म्हटलं.

गर्दी नव्हती. उजवीकडं वळायला लागू नये म्हणून डावी-डावीकडून आलो. नझरबादला पोचायला चामुंडी डोंगराचं एवढं दर्शन मी आजवर घेतलं नव्हतं.

शनिवार, २४ नोव्हेंबर

युक्ती सुचली. माणूस मागे असण्याची सवय करायची तर माणसाएवढं वजन मागे पाहिजे. वनजाला वजन विचारलं.

“कशाला? विकायचंय?”

सांगेना. अंदाजानं रागीचं – नाचणीचं – पोतं घेतो.

रविवार, २५ नोव्हेंबर

पोतं मागच्या सीटवर उभं बांधलं. (एकेरी दोरी. सुटी गाठ. शिकलो!) कडकोळचा वॉचमन महादेवराव खुर्चीवरून उठून बघायला आला. कुठं पोचवायचंय सार, म्हणाला. कुठंच नाही म्हटलं, तर त्यानं पुढं विचारलं नाही. चांगला माणूस.

पहिल्या वळणाला पाय खाली. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला मी पाय टाकला नाही, पण पोतं स्वतःहून उतरलं. शिवण उसवली आणि रागी रस्ताभर. महादेवरावांनी झाडू आणला. दोघांनी भरली. निम्मी रागी, निम्मा कडकोळ.

घरी वनजा दारातच. पोतं कुठं गेलं होतं? म्हटलं, किडे दिसले, उन्हात घालायला नेलं.

“कडकोळला? नझरबादला ऊन पडत नाही?”

मला हसू आवरेना. तिलाही. का हसतेय ते तिला माहीत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

जेवणात रागीचे मुद्दे – उकडलेले उंडे – आणि त्यांत खडे. निमूट गिळले.

बुधवार, २८ नोव्हेंबर

संध्याकाळी मानाजीराव आले. वनजा पुष्पावतीबाईंकडं होती. तासभर गप्पा, घोड्यांवरच. मी आडून विचारलं – नवशिका एका बाजूला वळायला घाबरत असेल तर काय करता?

ते हसले नाहीत. याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. म्हणाले, तो कुठं बघतो ते बघतो. घाबरलेला खाली बघतो. घोडा तुमच्या हाताच्या आधी तुमच्या नजरेमागं जातो. “जमिनीकडं बघाल तर जमिनीवर जाल, भावोजी. जिथं जायचंय तिथं मान फिरवा आणि घोड्याला विसरा.”

मी म्हणालो, हे जनावराचं झालं. यंत्राला डोळे नसतात.

“स्वाराला असतात, अल्लवा – नाही का?”

या माणसाला साधं पंक्चर काढता येत नाही.

रविवार, २ डिसेंबर

जमलं!!

लिहायचं नव्हतं पण लिहितो: मानाजीरावांचं बरोबर आहे. सकाळभर मी पुढच्या चाकाच्या फूटभर पुढं बघत होतो – जणू बोळातल्या त्या भिंतीचा पाया तिथंच आहे. मग चिडून मान पार मागं फिरवली, महादेवरावांच्या खुर्चीकडं, आणि गाडी गेली खुर्चीकडं! पाय वर. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलकासा, आणि नजर वळणाच्या पलीकडं. मग पोतं बांधलं. पुन्हा गेली. मग खडूनं रस्त्यावर मोठा इंग्रजी आठ काढला आणि त्यावर फिरत राहिलो – उजवं, डावं, उजवं. पोतं इतकं शहाणं बसलं होतं! महादेवरावांनी टाळ्या वाजवल्या आणि आपल्या डब्यातलं चित्रान्न – लिंबाचा भात – दिलं. रस्त्याच्या कडेला बसून दोघांनी खाल्लं. इतकं चांगलं चित्रान्न मी कुठल्याही लग्नात खाल्लेलं नाही.

येताना सगळी उजवी वळणं घेतली. गरज नसलेलीही.

आता फक्त एक गोष्ट राहिली. ती यंत्रात नाही.

शुक्रवार, ७ डिसेंबर

ठरवलं होतं, आज सांगायचं. जेवताना तोंड उघडलं आणि म्हणालो, कोशिंबीर छान आहे. कोशिंबीर नव्हतीच. चटणी होती.

सोमवारी तलकाड. तिनं बसची वेळ विचारून ठेवलीय.

शनिवार, ८ डिसेंबर

सांगितलं.

ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी म्हणालो, वनजा, त्या दिवशी तू हलली नव्हतीस. खांब मी चुकीचे बांधले होते. हँडल वळत नव्हतं. तिला समजावं म्हणून तारेवरचा टॉवेल धरून दाखवायला लागलो – ही मूठ, हा लेगगार्ड – तिनं टॉवेल काढून घेतला.

“कधी कळलं?”

“प्लास्टर निघालं त्या दिवशी.”

 मला वाटलं आता रडेल, किंवा आठ दिवस बोलणार नाही. आमच्याकडं तसं आहे. तिच्या हातात माझा ओला शर्ट होता. तो तिनं माझ्या खांद्यावर टाकला, कठड्याला टेकली आणि हसायला लागली. आधी हळू. मग पोट धरून. समोरून पुष्पावतीबाई बाहेर आल्या.

“म्हणजे मी उगीचच –” आणि पुन्हा हसू.

उगीचच काय, विचारलं. डोळे पुसत म्हणाली, काही नाही. मग एकदम गंभीर होऊन, हळू, अगदी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “सगळ्यांसमोर म्हणाला होतात. सगळ्यांसमोरच सांगायचं.”

सरी – बरं – म्हटलं. शर्ट खांद्यावर ठिबकत होता. तसाच उभा राहिलो थोडा वेळ.

रविवार, ९ डिसेंबर

जयलक्ष्मीपुरमला गेलो. वनजा मागे! नझरबादच्या पहिल्या वळणापर्यंत माझी पाठ लाकडासारखी. तिनं एक हात खांद्यावर ठेवला, एवढंच.

मानाजीराव, त्यांची मंडळी, शेजारचे दोघं स्कूटरवाले. सांगितलं. दोरी, फास, लेगगार्ड – सगळं. स्कूटरवाले अगदी लक्ष देऊन ऐकत होते. एकानं गाठीबद्दल शंकाही विचारली. मानाजीराव मिशीवरून हात फिरवत आकाशाकडं बघत होते. मला वाटलं आता टोमणा येणार. आला नाही. बहिणीकडं बघून फक्त म्हणाले, मग?

मग काय, म्हणाली ती. आणि दोघं बहीण-भाऊ हसले. काहीतरी आहे यांचं.

निघताना सगळे गेटवर. तोच बोळ, तीच भिंत. क्लच अर्धा. मान फिरवली – बोळाच्या तोंडाशी एक निळा पत्र्याचा डबा होता, त्याच्याकडं. वळलो! एका दमात, पाय वर, भिंतीपासून हातभर लांब. मागे वनजा अशी बसली होती की आहे की नाही कळू नये. पोतंही इतकं चांगलं बसलं नव्हतं. हे तिला सांगितलं तर पाठीत गुद्दा.

सोमवार, १० डिसेंबर

तलकाड. नरसीपूरला इडली. कावेरीवर धुकं. वाळूत ती पुढं, मी लंगडत मागे. देवळांपाशी पोचेपर्यंत दोघांच्या चपला हातात. जिन्याला कठडा धरणारी बाई वाळूच्या टेकाडावर बकरीसारखी चढली. गुडघे बरे झाले वाटतं. विचारलं, तर म्हणे देवाची कृपा.

येताना ऊन तोंडावर. ती गात होती. वाऱ्यात शब्द कळत नव्हते. उतरल्यावर म्हणाली, आज पहिल्यांदा मी डोळे उघडे ठेवून बसले. म्हणजे एकवीस वर्षं ही डोळे मिटून तलकाडला जात होती! मला आज कळतंय.

लिहिताना हात थकलाय. इतका सुखाचा दिवस किती वर्षांत झाला नाही.

बुधवार, १२ डिसेंबर

कामावर जाण्याआधी तलकाडचा प्रसाद द्यायला मानाजीरावांच्या क्लबवर गेलो. वनजा नेहमीसारखी पहाटेच देवळात गेली होती.

मैदानात एक तपकिरी घोडा फेर धरत होता. वर मानाजीरावांच्या मुलीच्या सलवार-कमीजमध्ये, डोक्यावर टोपी, ताठ पाठ – वनजा.

कुंपणाशी मानाजीराव. माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुम्ही म्हणालात ना, ती हलली. आठवड्यानं माझ्याकडं आली. म्हणाली, दादा, न हलता बसायला शिकव.”

“पण आता तर तिला माहीत आहे –”

“हां. रविवारपासून मी पण तेच सांगतोय. उतर म्हणून. बघा तुमचं ऐकते का.”

ती आमच्या समोरून गेली. लगाम एका हातात. मान आधी वळली, मग घोडा – उजवीकडं, लहानशा वर्तुळात, वाटीतलं पाणी सांडू नये तसा.

मी हाक मारली, चल, घरी सोडतो. गाडी आणलीय.

तिनं मागं बघितलं नाही.

“तुम्ही व्हा पुढं,” म्हणाली. “मी येते.”